भारताचा फुटबॉल संघ : एक चढण आणि एक उतरण

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, आरोग्य असे विषय यावेत ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. त्या पंक्तीत एका चामडी चेंडूने येऊन बसावे हे काही श्रोत्यांस विचित्र वाटेल. शिवाय आमचा कर्जत-खालापूरचा प्रदेश फुटबॉलचा नव्हे. येथले खेळाचे दैवत म्हटले तर कबड्डी, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा हुतुतू. आणि तिच्या जोडीला भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात रंगणारे क्रिकेट. फुटबॉल आपण पाहतो तो मुख्यतः चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या महिन्यात, रात्री जागून. त्या महिन्यात चहाच्या प्रत्येक टेबलावर एक प्रश्न हटकून निघतो : एवढाल्याशा देशांचे संघ तेथे दिसतात, मग आपला का दिसत नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि तो आकड्यांत मांडला म्हणजे अधिकच बोचतो. मेक्सिकोच्या दक्षिणेस जी चिंचोळी पट्टी दोन अमेरिकांना जोडते, तिला मध्य अमेरिका म्हणतात. तेथला एल साल्वादोर हा देश सुमारे २१,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून सुमारे एकतृतीयांशाने लहान. तो १९७० आणि १९८२ अशा दोन विश्वचषकांत खेळला. शेजारचा होंडुरास तीनदा खेळला. कोस्टा रिका ह्या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. २०११ च्या शिरगणतीत आपल्या एकट्या रायगड जिल्ह्याची सव्वीस लाख भरली होती, तिच्या साधारण दुप्पट. हा देश १९९० ते २०२२ ह्या काळात सहा वेळा विश्वचषकाच्या मैदानावर उतरला. भारताच्या पुरुषांचा संघ मात्र आजवर एकदाही नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की आपल्याला हा खेळ जमतच नाही. पण इतिहास तसे सांगत नाही. ह्याच भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तेव्हा खरा प्रश्न 'का जमत नाही' हा नसून, एकदा चढून गेलेली गाडी खाली कशी घसरली हा आहे. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला तो समजावयास कठीण जाऊ नये. कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून इंजिने जोडतात. त्यांना आपण बँकर म्हणतो. पुढचे इंजिन कितीही दांडगे असो, मागचा रेटा नसेल तर बोरघाट चढत नाही. राष्ट्रीय संघ हे पुढचे इंजिन होय. मागचा रेटा कोणी दिला आणि तो केव्हा सुटला, एवढेच आम्हाला ह्या लेखात पाहावयाचे आहे.

हा खेळ आपल्याकडे आला तो गोऱ्या पलटणींच्या सामानाबरोबर. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ साली सुरू झाली, मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ साली. दोन्ही मुळात पलटणींच्या करमणुकीसाठी. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २–१ असा पाडाव करून शील्ड जिंकली, त्या दिवसापासून बंगालात फुटबॉल हा केवळ खेळ राहिला नाही. मुंबईत त्याचे रूप निराळे होते. गोव्याहून बोटीवर नोकरी धरण्यासाठी आलेली मंडळी धोबीतलाव, गिरगाव भागांत आपापल्या गावाच्या नावाने चालविलेल्या 'कुडां'त राहात. कूड म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक खोली : एक पेटी, एक चटई, भिंतीवर देवाची तसबीर. ह्याच मंडळींनी फुरसतीच्या वेळी मुंबईच्या मैदानांवर चेंडू खेळता ठेवला. कोल्हापुरात तर गंमतच झाली. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही आज फुटबॉल संघांची नावे आहेत, आणि पेठापेठांतली ईर्षा लाल मातीतून हिरवळीवर आली आहे. महाराष्ट्रात एखाद्या गावाने ह्या खेळावर जीव टाकला असेल तर तो कोल्हापूरने, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा जगापुढे आला तो १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये. कर्णधार नागभूमीचे डॉ. तालिमेरेन आओ. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी सामना झाला. आपल्या अकरांपैकी बहुतेक जण अनवाणी खेळले. सारंगपाणी रामन ह्याने बरोबरी साधली. दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या आणि अखेरच्या क्षणी गोल होऊन आपण १–२ असे हरलो. तरी इंग्रज प्रेक्षकांनी ह्या संघाला टाळ्यांनी निरोप दिला. अनवाणी खेळणे ही तेव्हा दारिद्र्याचीच खूण होती असे नव्हे. कोरड्या मैदानावर उघड्या पायाला चेंडूचा स्पर्श नेमका कळतो आणि तो हलका राहतो. आपल्या खेळाडूंचे सारे कसब त्या स्पर्शावर बेतलेले होते. मैदान ओले झाले की मात्र बुटाखालचे खिळेच उपयोगी पडतात. ही गोष्ट पुढे महागात पडणार होती.

आता त्या सुप्रसिद्ध आख्यायिकेकडे वळू. १९५० चा विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला. आशियाच्या गटातून फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि ब्रह्मदेश ह्यांनी माघार घेतल्यामुळे एकही सामना न खेळता भारताला प्रवेश मिळाला. स्वीडन, इटली आणि पराग्वे ह्यांच्या गटात आपले नाव पडले. भारत गेला नाही. का गेला नाही, ह्याचे उत्तर आपण सर्वांनी शाळेपासून ऐकले आहे : अनवाणी खेळू देणार नाही असे जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, कळविले, आणि आमच्या स्वाभिमानी खेळाडूंनी बूट घालण्याचे नाकारले.

गोष्ट ऐकावयास गोड आहे. फक्त ती तारखांच्या कसोटीला उतरत नाही. १९५० साली अनवाणी पायांना बंदी झाली असती, तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, त्याच संघटनेच्या नियमांखाली, भारताचे खेळाडू पुन्हा अनवाणी कसे उतरले? आणि उतरले हे तर निर्विवाद आहे. तेव्हा कारण इतरत्र शोधले पाहिजे, आणि ते फार दूर नाही. त्या काळी आपल्या फुटबॉल महासंघाच्या दृष्टीने खरी स्पर्धा ऑलिंपिक. विश्वचषक तोवर अवघ्या तीन वेळा भरलेला, दूरच्या देशांचा काहीसा नवखा मामला. ब्राझील समुद्रमार्गे आठवड्यांच्या अंतरावर. यजमानांनी प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी दाखविली होती, त्यामुळे केवळ पैशाचेही कारण पुरे पडत नाही. महासंघाने सांगितले ते संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावास वेळ नाही, हे. थोडक्यात, निमंत्रणाचे मोल ओळखता आले नाही. भारताला एकट्यालाच नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याच विश्वचषकातून स्कॉटलंड, तुर्कस्तान, फ्रान्स हेही बाहेर राहिले. आमच्या मते ह्या आख्यायिकेने एक नुकसान मात्र केले. तिने एका कार्यालयीन निर्णयाला त्यागाचा मुलामा दिला, आणि त्यामुळे त्या निर्णयाची चिकित्सा करावी असे पुढे कोणाला वाटेनासे झाले.

ह्यानंतरची बारा वर्षे ही भारतीय फुटबॉलची चढण. तिच्या मुळाशी एक माणूस आहे : हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, आणि शिक्षकी त्यांनी मैदानावरही सोडली नाही. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. कूपरेजवर, म्हणजे जेथे एके काळी पिंपे बनविणाऱ्या कारागिरांची वखार होती त्या मैदानावर, मुंबईकरांनी हा खेळ डोळे भरून पाहिला. लांब फटका मारून मागे धावण्याऐवजी चेंडू जवळच्या गड्याकडे जमिनीलगत द्यावा आणि लगेच रिकाम्या जागेत जावे. उजव्या पायाच्या माणसाने डावा पायही तितकाच तयार करावा. असे त्यांचे पाठ होते. ऐकताना ते साधे वाटतात, पण ते रोज करून घेणारा माणूस असावा लागतो.

रहीम ह्यांच्या हाताखालच्या संघाने मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरविले. गोल साहू मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने आपला १०–१ असा धुव्वा उडविला. हा आकडा आपण विसरू पाहतो. आम्हाला मात्र तो फार मोलाचा वाटतो. कारण त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले, आणि चारच वर्षांत तोच संघ मेलबर्नला निराळा दिसला. सपाटून मार खाल्ल्यावर माणूस दोन तऱ्हांनी वागतो, रुसतो किंवा शिकतो. त्या पिढीने शिकण्याचे ठरविले.

मेलबर्नची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिचा नायक आपल्या मुंबईचा आहे. नेव्हिल डिसोझा हा मूळचा बार्देशातल्या आसगावचा, आणि मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्स ह्या संघांकडून खेळणारा. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट पुढे गेला, आणि १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. मध्यंतरापर्यंत २–२ अशी बरोबरी. भारताचे दोन्ही गोल नेव्हिलचे. उत्तरार्धात त्याने तिसराही केला, चौथा किट्टूने केला, आणि भारत ४–२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध, म्हणजे ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविले होते त्यांच्याविरुद्ध, पहिला गोल पुन्हा नेव्हिलनेच केला. काही मिनिटे भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. मग प्रतिपक्षाने एकामागून एक चार गोल केले. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाने ३–० असे हरविले. चार गोलांनिशी नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बरोबरीने होता.

येथे तारतम्य ठेवणे आवश्यक आहे. मेलबर्नला अवघे अकराच संघ खेळले, भारताने एकच सामना जिंकला, आणि ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचे असल्याने पश्चिम युरोप व दक्षिण अमेरिका ह्यांतले पगारी खेळाडू तेथे नव्हते. म्हणून 'जगात चौथे' असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या युगोस्लाव्हियाने आपणांस हरविले तो संघ दुबळा नव्हता, हेही तितकेच खरे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आपण एकही सामना जिंकला नाही, तरी आमच्या मते भारताचा सर्वांत चांगला खेळ कदाचित तेथेच झाला. बलाढ्य हंगेरीशी १–२ अशी हार, फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी, पेरूशी १–३ अशी हार. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम ही त्रयी त्या वेळी ऐन बहरात होती. ह्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला नाही.

मग १९६२ चे जकार्ता. इस्राएल आणि तैवान ह्यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी ह्यांनी जाहीर हरकत घेतली, आणि सारे शहर भारतीय पथकावर उलटले. त्यात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०–२ अशी हार. पुढे थायलंडला ४–१ आणि जपानला २–० असे हरविले, दक्षिण व्हिएतनामवर ३–२ असा निसटता विजय मिळविला आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात तोच दक्षिण कोरिया पुन्हा समोर आला. बचावफळीतल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला थायलंडच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. चेंडू डोक्याने अडविणे त्याला धोक्याचे, म्हणून रहीम ह्यांनी त्याला चक्क आघाडीला खेळविले. लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत असता पहिला गोल प्रदीपकुमारने केला, दुसरा ह्या टाके घातलेल्या जर्नेलसिंगने. भारत २–१ असा विजयी झाला. त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितले की स्टेडियममध्ये आपल्या बाजूने टाळ्या वाजवीत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ! मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रांको हा मूळचा गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा गडी होता. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. जून १९६३ मध्ये ते वारले.

चढण येथे संपते. १९६४ च्या आशियाई चषकात दुसरी जागा आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जपानला १–० असे हरवून कांस्यपदक, एवढी माया शिल्लक होती. पुढची उतरण लांबलचक आहे, तिचा प्रत्येक मुक्काम सांगत बसण्यात अर्थ नाही. १९८० च्या दशकात गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकर ह्यांच्यासारखा गोलरक्षक झाला, त्याने देशाचे नेतृत्वही केले. पण विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत भारत पहिल्यांदा खेळला तोच मुळी १९८५ साली. जागतिक क्रमवारीत फेब्रुवारी १९९६ मध्ये ९४ वे स्थान मिळाले, ते भारताचे आजवरचे सर्वोच्च. मार्च २०१५ मध्ये तो १७३ पर्यंत घसरला होता.

रहीम गेले म्हणून सारे गेले, असे म्हणणारे आहेत. आम्हाला हे अर्धेच पटते. एक शिक्षक गेला तर शाळा बंद पडत नाही, जर शाळेला इमारत आणि पुढचे वर्ग असतील तर. तेव्हा ह्या संघामागे कोणती इमारत होती ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी मुंबईकडे, किंबहुना आपल्या खोपोलीकडे, यावे लागेल.

१९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहात लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून उतरून वीज होऊ लागली, १९२२ पासून आपल्या भिवपुरीला. आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. त्या कारखानदारीने मुंबईला जसा गिरणगाव दिला, तसे कंपन्यांचे संघही दिले. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र, दोन्ही रेल्वे, बँका. खेळाडूला नोकरी द्यावयाची, दुपारनंतर सरावाला सोडावयाचे आणि खेळ संपला तरी नोकरी ठेवावयाची, अशी ही रीत. नेव्हिल आणि फ्रांको दोघेही ह्याच रीतीचे फळ. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषकसुद्धा जिंकला. पगारी क्लब नसलेल्या देशात गरिबाच्या मुलाला ह्या खेळाच्या नादी लागता येत होते ते ह्या नोकरीच्या भरवशावर. हाच तो मागचा रेटा.

आता गंमत पाहा. नेमकी हीच पद्धत जपानमध्ये होती. तेथेही मित्सुबिशी, फुरुकावा, हिताची, यावाता पोलाद ह्या कंपन्यांचे संघ, तेथेही नोकरदार खेळाडू. १९६२ साली आपण त्यांना हरविले होते. पण टोकियोच्या ऑलिंपिकची तयारी म्हणून त्यांनी १९६० सालीच डेटमार क्रॅमर नावाचा जर्मन शिक्षक आणला होता, आणि १९६५ साली त्या कंपनी-संघांची एक देशव्यापी साखळी स्पर्धा बांधली. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरला की संघ घरी. साखळीत प्रत्येकाला प्रत्येकाशी, घरी आणि परक्या गावी, वर्षभर खेळावे लागते. तीनच वर्षांनी, १९६८ साली, जपानला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळाले. १९९३ साली हेच कंपन्यांचे संघ शहरांच्या नावाने पगारी क्लब झाले, मित्सुबिशीचा उरावा झाला. १९९८ पासून जपान एकाही विश्वचषकाला चुकलेला नाही.

आपल्याकडे देशव्यापी साखळी सुरू झाली ती १९९६ साली, म्हणजे जपानच्या एकतीस वर्षे मागून. तोवर आपले मोठे संघ ड्युरँड, रोव्हर्स, शील्ड अशा बाद स्पर्धांमागे गावोगाव हिंडत राहिले. त्यांतले सामने बराच काळ नव्वद नव्हे तर सत्तर मिनिटांचे असत! परदेशी सामन्याच्या अखेरच्या वीस मिनिटांत आपले खेळाडू का थकत, ह्याचे एक साधे कारण येथे आहे. आणि साखळी उभी राहिली तोवर मुंबईचा मागचा रेटा सुटत चालला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, मग गिरण्यांचे संघ कोठून राहणार? रोव्हर्स स्पर्धा २०००–०१ नंतर भरलीच नाही. महिंद्र युनायटेड संघाने २००६ साली राष्ट्रीय साखळी जिंकली आणि २०१० साली तो विसर्जित झाला. जपानमध्ये कंपनीच्या संघातून शहराचा संघ झाला. मुंबईत कंपनीचा संघ मेला आणि बराच काळ त्याच्या जागी काही आले नाही. २०१४ पासून सुरू झालेल्या नव्या लीगमध्ये मुंबईच्या नावाचा संघ आहे, त्याने अजिंक्यपदेही मिळविली आहेत. पण तो निराळ्या भांडवलाचा आणि निराळ्या रीतीचा.

प्रारंभी आम्ही कोस्टा रिकाचे नाव घेतले, त्याकडे जाता जाता वळले पाहिजे. कॉफी पिकविणारा हा देश. १९४८ च्या यादवीनंतर त्याने आपले सैन्यच मोडून टाकले. त्याची साखळी स्पर्धा १९२१ पासून चालू आहे. सान होसे, आलाहुएला, एरेदिया आणि कार्तागो ही तेथल्या डोंगरांतल्या सपाटीवरची चार गावे एकमेकांपासून जेमतेम दहा-वीस किलोमीटरवर, म्हणजे जणू कर्जत, खोपोली, नेरळ आणि पनवेल. शंभर वर्षे ही गावे वर्षातून अनेकदा एकमेकांशी खेळत आली. त्याचे फळ १९९० साली दिसले, जेव्हा पहिल्याच विश्वचषकात त्यांनी स्कॉटलंड आणि स्वीडन ह्यांना हरविले. आणि २०१४ साली त्याहून अधिक, जेव्हा उरुग्वे, इटली, इंग्लंड हे तीन माजी जगज्जेते ज्या गटात होते त्यात कोस्टा रिका पहिला आला.

अर्थात त्यांच्या विभागातून विश्वचषकाची वाट आशियाच्या मानाने सोपी आहे, हे मान्य केले पाहिजे; जपान, कोरिया, इराण अशी भिंत त्यांच्यापुढे नाही. शिवाय छोट्या देशांचे यश नेहमी टिकते असेही नाही. एल साल्वादोरने १९८२ साली हंगेरीकडून १०–१ असाच मार खाल्ला आणि तो पुन्हा विश्वचषकात दिसला नाही. २०२६ च्या स्पर्धेसाठी मध्य अमेरिकेतून फक्त पनामा पात्र ठरला, कोस्टा रिका आणि होंडुरास दोघेही मागे राहिले. खेळाचा अभिमान किती भलत्या थरास जाऊ शकतो, हेही त्याच भूमीने दाखविले आहे. १९६९ साली पात्रता सामन्यांतल्या दंगलींनंतर होंडुरास आणि एल साल्वादोर ह्यांच्यात चार दिवसांचे खरेखुरे युद्ध झाले. त्याची मुळे जमिनीच्या आणि स्थलांतरितांच्या तंट्यात होती, पण ठिणगी मैदानावरची. असले वेड आपल्याला नको.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा ह्याच कोस्टा रिकाची मुले मडगावच्या फातोर्डा मैदानावर खेळून गेली, आणि काही सामने पनवेलपलीकडे नेरूळला झाले. यजमान म्हणून भारताला त्यात जागा मिळाली. फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल कोलंबियाविरुद्ध जीक्सनसिंगने दिल्लीत केला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमींच्या गावातून एक मुलगा तेथवर गेला हा योगायोग नव्हे.

मग आमच्या दोन तालुक्यांतून कोणी का जाऊ नये? येथे आम्ही एक हिशेब मांडतो. फुटबॉलचे पुऱ्या मापाचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे सत्तर गुंठे. कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठा. त्यातून फुटबॉल मुंबईत मुख्यतः पावसाळ्याचा खेळ, कारण गवत आणि मऊ जमीन तेव्हाच मिळते. आपल्याकडे जूनपासून जी म्हणून सपाट जमीन आहे तीत भात उभे असते, आणि भात कापून झाल्यावर जी मोकळी होते ती ढेकळांची आणि टणक. सव्वा गुंठ्याचे अंगण मात्र प्रत्येक वाडीला असते, देवळापुढे असते. आपली मुले कबड्डीत तरबेज झाली ती काही रक्ताच्या गुणाने नव्हे. जमिनीने त्यांना तोच खेळ दिला.

भाताची जमीन खेळाला द्या असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण गेल्या काही वर्षांत ह्या दोन तालुक्यांत भाताखालून निघालेली जमीन थोडी नाही. तिच्यावर बंगले, रिसॉर्ट, गुदामे उभी राहिली, आणि मंजूर आराखड्यांत 'खेळाचे मैदान' म्हणून रंगविलेले तुकडेही आहेत. त्यांपैकी किती सत्तर गुंठ्यांचे, किती सपाट आणि किती अजून मोकळे, ह्याची मोजणी नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती ह्यांच्या दप्तरांवरून कोणालाही करता येईल. कर्जत, नेरळ, खोपोली आणि खालापूर येथे मिळून असे चार तुकडे निघाले, तर चार गावांची साखळी लावावयास तेवढे पुरेत. आणि एका गावाच्या मुलांना दुसऱ्या गावी जावयास नेरळपासून खोपोलीपर्यंत लोकल आहे, तेथून खालापूर हाकेच्या अंतरावर.